न मोजलेले अठरा दिवस

"इथं रेष तोड," असं म्हणून ते माझ्या पडद्यावर अंगठ्याचं नख टेकवायचे. लांबून बोट दाखवणं त्यांना जमतच नसे. नख टेकवायचे आणि माझा हात माउसकडे जाईपर्यंत उचलायचे नाहीत. दुपारपर्यंत पडद्यावर पाचसहा ठिपके उमटलेले असत आणि मी ते ओढणीच्या टोकानं पुसत बसे.

"काका, पाहिलं मी. काढा आता बोट."

"पाहिलं त मग तोड ना. नुसती काहून पाहून राहिली?"

तुमच्याही कचेरीत असं कुणीतरी असेल. दुसऱ्याच्या कामातली चूक तो दाखवत असतो तोवर त्याचं सगळ्यांना कौतुक असतं, आणि आपल्या टेबलाशी आला की तो म्हातारा वाटायला लागतो. आमच्याकडे ते होते. सगळे त्यांना अंकल म्हणत. मी एकटी काका म्हणायची, कारण त्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो.

आमची कंपनी रायपुरातल्या एका नव्या काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. धूर किती सोडला, पाणी किती उपसलं, राख कुठं टाकली, झाडं किती लावली, हे सगळं कारखान्यानं त्यात भरायचं आणि त्यातून रिपोर्ट काढायचा. या सगळ्याला मिळून सस्टेनेबिलिटी म्हणतात. काकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा अर्थ सांगितला होता, "म्हणजे कारखाना टिकला पाहिजे. बाकी कोण कोण टिकते, ते मग पाहू."

माझ्याकडे होतं रिपोर्टचं काम. मालकाला एका पानाचा रिपोर्ट हवा असतो, बँकेला वेगळा, परदेशातल्या गिऱ्हाइकाला वेगळा, सरकारला आणखी वेगळा. म्हणून ज्यानं त्यानं आपल्याला हवे ते रकाने उचलावेत, हवे त्या क्रमानं लावावेत, आलेख हवा तर आलेख, तक्ता हवा तर तक्ता, अशी सोय मी आखत होते. यात मुळात वाईट काही नाही. प्रत्येकाला सगळंच वाचायला वेळ नसतो. मला ते काम आवडायचं, हेही सांगून टाकते.

काका साठी ओलांडलेले. शहराबाहेरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी पर्यावरण विभागात गेली होती. निवृत्त झाल्यावर आमच्या प्रमुखांनी त्यांना सल्लागार म्हणून आणलं, कारण आमच्यापैकी एकानंही चिमणी जवळून पाहिलेली नव्हती. तोच कारखाना आमचं पहिलं गिऱ्हाईक होता. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. भट्टीपाशी वावरलेल्या माणसाची सवय. राहायला बूढ़ापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत. "आमचे लोक भोसल्यांच्या फौजेसंगं आले," ते सांगायचे, "फौज वापस गेली, आमचे जेवत बसले होते, राहून गेले." त्यांची मुलं मराठी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची, आणि काकांना त्याचं दुःख नव्हतं. ते म्हणायचे, "खरं बोलले म्हणजे झालं. कोणत्या का भाषेत."

मी नागपूरची. माझ्या बाबांचा छोटा छापखाना होता आणि त्यात लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकंच जास्त छापली जायची. गिरणीच्या, धरणाच्या, झोपडपट्टीच्या, कुणाकुणाच्या लढ्याची. शाईचा वास आणि उद्गारचिन्हं यांच्यात मी वाचायला शिकले. पत्रकात "ते" आणि "आम्ही" असे दोनच रकाने असतात. त्यामुळे मला मोठी होईपर्यंत वाटायचं की खोटं करणारी माणसं चेहऱ्यावरून ओळखू येतात.

काकांची परीक्षा घेण्याची पद्धत विचित्र होती. आम्ही एखादी सोय केली की ते तिचा सगळ्यात वाईट उपयोग कसा होईल ते करून पाहायचे. रकाने उचलून लावायची सोय झाली, तशी त्यांनी पाच मिनिटांत एक रिपोर्ट बनवला. त्यात दोनच गोष्टी होत्या : लावलेल्या रोपांची संख्या आणि मालकाचा फोटो. खाली हिरव्या रंगाची पट्टी. मथळा, "हमारा हरित परिवार".

"पाहा," ते सगळ्यांना बोलावून म्हणाले, "धूर गायब. पाणी गायब. राख गायब. एवढी साफ भट्टी मी जिंदगीत नाही पाहिली."

सगळा मजला हसला. प्रमुखही हसले. दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकानं जवळजवळ तसाच रिपोर्ट मागितला, फक्त फोटो जरा मोठा हवा होता. तेव्हा कुणी हसलं नाही. काम म्हणून करून दिलं. काकांनी तो छापून आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि कुणी विचारलं की म्हणायचे, "माझं डिझाइन आहे. चोरी झालं."

आता त्या रेषेची गोष्ट.

चिमणीवर धुळीचा मीटर असतो. तो दर दिवसाचा एक आकडा देतो. आकड्यांचे ठिपके मांडून ते जोडले की आलेखावर रेष तयार होते. पण मीटर कधी बंद असतो. त्या दिवशी आकडा नसतो. मग रेषेचं काय करायचं? बाजारातलं कुठलंही आलेख काढणारं यंत्र सोपी वाट धरतं. आधीचा ठिपका आणि नंतरचा ठिपका सरळ जोडून टाकतं. मधे काहीतरी नव्हतं, हे पाहणाऱ्याला कळतही नाही.

काकांच्या जुन्या कारखान्याचे खरे आकडे पहिल्यांदा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले, त्या दिवशी काका माझ्यामागे उभे होते. वर्षभराची रेष पडद्यावर आली. छान, सपाट, मर्यादेच्या खाली. मी खूश. काकांनी चष्मा वर केला आणि आकड्यांचा तक्ता उघडायला लावला. पोळ्याच्या सुमाराचे अठरा दिवस रिकामे होते. शेऱ्यात लिहिलं होतं, "मीटर देखभालीसाठी बंद".

"भट्टी?" त्यांनी विचारलं.

मी उत्पादनाचा रकाना उघडला. भट्टी अठराही दिवस चालू होती. जोरात.

"आणि धूळ पकडायचं यंत्र?"

त्याची वीज त्या अठरा दिवसांत शून्य होती. यंत्र बिघडलेलं, भट्टी चालू, आणि नेमका मीटर देखभालीला. आमच्या सॉफ्टवेअरनं त्या अठरा दिवसांवरून एक सुंदर सरळ रेष ओढली होती.

"हे कोणी काढलं?" काकांनी रेषेवर नख टेकवलं.

"कुणी नाही काका. ते आपोआप येतं."

"आपोआप काही येत नसते वं पोरी. इथं रेष तोड. जिथं मोजलं नाही तिथं काही काढायचं नाही. वाचणाऱ्याले दिसू दे का इथं खड्डा आहे. तो उडी मारन नाहीतर खाली वाकून पाहीन, त्याची मर्जी."

अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी केलं. रेष चालत चालत पोळ्यापर्यंत आली, थांबली, मग बरीच जागा कोरी, मग पुन्हा सुरू. खाली बारीक अक्षरांत आम्ही लिहिलं, "या दिवसांचं मोजमाप उपलब्ध नाही." काका खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले. एखाद्यानं घरातल्या माणसाचा फोटो पाहावा तसे.

एवढं काय त्यात, असं मी त्यांना खाली चहाच्या टपरीवर विचारलं. त्यांनी ग्लास बाकावर ठेवला.

"मी तीस वर्षं रजिस्टर भरलं," ते म्हणाले. "कागदाच्या जमान्यात मीटर बंद पडला का साहेब म्हणे, रिकामं नको ठेवू, तपासणीवाले विचारतात. मग मी कालचा आकडा घेओ, उद्याचा घेओ, बेरीज करून अर्धा करो. माझ्या हातानं. अक्षर चांगलं होतं माझं. कोणाले शंका येत नसे."

"सगळेच करत असतील."

"हव, सगळेच." मग म्हणाले, "कारखान्याजवळच्या गावातल्या शाळेचे एक मास्तर आले होते. दमा वाढला पोट्ट्यांचा, म्हणे, तुमच्या चिमणीचे आकडे दाखवा. मी साहेबाले विचारून वर्षाचा आलेख काढून देला. एकदम सपाट रेष. मास्तरनं हात जोडले मले. म्हणे, तुम्ही लपवलं नाही, बाकीचे दारातून हाकलतात. त्यानं तो आलेख शाळेच्या भिंतीवर लावला. पोट्ट्यांले आलेख वाचायले शिकवायसाठी." त्यांनी चहा तसाच ठेवला. "त्या रेषेत किती दिवस माझे होते, मलेच नाही माहीत."

मी पत्रकांत वाढलेली मुलगी. माझ्याकडे अशा वेळी बोलायला तयार वाक्यं असतात : व्यवस्था, मालक, नोकरीची मजबुरी. त्यातलं एकही त्या बाकावर चाललं नसतं.

एकदा ते मला गोल बाजारात घेऊन गेले. मी प्लास्टिकच्या डब्यात जेवते हे त्यांना सहन होत नव्हतं. भांड्यांच्या गल्लीत त्यांनी चार दुकानं फिरून स्टीलचा डबा निवडला, झाकण कानाशी धरून वाजवून पाहिलं. पैसे मीच दिले, पण नाव घालायचं त्यांनी ठरवलं. दुकानदार खरखर करत सुई चालवायला लागला तशी मी म्हटलं, "काका, आजकाल कोण नाव घालतं?"

"नाव असलं का भांडं घरी वापस येते. आणि आत काय होतं हेही लोक ज्याचं नाव त्यालेच विचारतात." दुकानदाराला ते म्हणाले, "भैया, साफ लिखना. ये लड़की सॉफ्टवेअर बनाती है, ख़राब अक्षर का बुरा मान जाएगी."

त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्याचा फोन आला. दुसरी भट्टी उभारायची होती. त्यासाठी जनसुनवाई व्हायची होती, म्हणजे गावकऱ्यांना मंडपात बोलावून त्यांचं म्हणणं ऐकायचं. तिथं दाखवायचा रिपोर्ट आमच्या सॉफ्टवेअरमधून काढला, तर रेष मधेच तुटलेली. कारखान्याचे मॅनेजर चिडले होते. आमच्या प्रमुखांनी बैठक बोलावली. प्रमुख बंगळुरूत राहून आलेले, वयानं काकांच्या मुलाएवढे, आवाज कधीही न चढवणारे. मला अजूनही ते वाईट माणूस वाटत नाहीत. हेच तर सगळ्यात वाईट आहे.

"अंकल, ग्राफ टूटा हुआ अच्छा नहीं लगता. क्लाइंट को लगता है सॉफ्टवेअर में ख़राबी है."

"ख़राबी है ना. सॉफ्टवेअर में नहीं, कारख़ाने में."

"हम कस्टम रिपोर्ट बेच रहे हैं अंकल. जिसको जैसा चाहिए वैसा मिले. एक ऑप्शन दे देते हैं. जोड़ना है तो जोड़ो, नहीं तो मत जोड़ो. हम कौन होते हैं तय करने वाले?"

"फिर आँकड़े भी मन से लिख लेने का ऑप्शन दे दो. मीटर काहे को लगाया?"

कुणीतरी हसलं आणि थांबलं. काकांनी खिशातून कागद काढला. ते तयारी करून आले होते. "ठीक है. दो ऑप्शन. पर जो जोड़ेगा, रिपोर्ट के नीचे उसका नाम छपेगा. फलाने ने इतने दिन की रेखा अपनी मर्ज़ी से जोड़ी. बस इतना."

प्रमुखांनी कागद घेतला, वाचला, घडी करून टेबलावर ठेवला. "अंकल, ऐसे तो कोई नहीं जोड़ेगा."

"हव," काका म्हणाले.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रिपोर्टचा पडदा माझा होता. आता मी जे केलं ते स्वच्छ सांगते, कारण हे लिहायचं ते त्याचसाठी. मी म्हटलं, ऑप्शन देता येईल, पण मूळची सेटिंग तुटलेलीच ठेवू. जोडायचा पर्याय आत, तिसऱ्या पानावर लपवू. कुणी शोधणारच नाही. मला वाटलं मी मोठी चतुर, दोघांनाही वाचवलं. प्रमुख म्हणाले, "परफेक्ट." काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रजिस्टरवर नवीन आलेल्या माणसाकडे जुना माणूस पाहतो तसं.

"अक्षर चांगलं आहे तुझं," एवढंच ते म्हणाले.

तिसऱ्या पानावरचा रेष जोडायच्या पर्यायाचा तो चौकोन कुणाला शोधावा लागला नाही. मॅनेजर बैठकीला आले तेव्हा त्यांना नवं सॉफ्टवेअर दाखवायचं काम माझ्याकडेच आलं. ते म्हणाले, "ये टूटा-टूटा क्यों है?" प्रमुख म्हणाले, "जुड़ जाता है सर. मैडम, दिखा दीजिए." मी तिसरं पान उघडलं आणि चौकोनावर खूण केली. कोरी जागा भरून गेली. अठरा दिवस एका क्षणात मोजले गेले.

"अरे वाह," मॅनेजर म्हणाले. "कितना आसान है."

त्याच महिन्यात काकांचा करार संपला. वाढवला नाही, एवढंच. कुणी काढलं नाही, कुणी भांडलं नाही. केक आणला. प्रमुख चांगलं बोलले. कंपनीकडून भेट म्हणून प्लास्टिकच्या कुंडीत एक रोप दिलं. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि विचारलं, "ये गिनती में लिया क्या?" सगळे हसले. त्यांनी टेबलाच्या काचेखालचा तो हरित परिवाराचा रिपोर्ट काढून घेतला, सदऱ्याचं वरचं बटण चाचपून पाहिलं आणि जिन्यानं गेले. लिफ्ट त्यांना आवडत नसे.

जनसुनवाई गावातल्या शाळेच्या मैदानावर होती. मोठा मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे कॅन. व्यासपीठावर अधिकारी. एका बाजूला पांढरा पडदा आणि त्यासमोर लॅपटॉप घेऊन मी. रिपोर्ट अडकला तर सांभाळायला कंपनीनं मला पाठवलं होतं. मॅनेजर बोलत होते, मी पानं पुढं सरकवत होते. धुळीचा आलेख आला. सपाट, सुंदर, मर्यादेच्या खाली. लोक आलेखाकडे पाहत होते, जशी माणसं डॉक्टरच्या चिठ्ठीकडे पाहतात.

"ये पोला के बाद के अठारा दिन किसने नापे?"

आवाज मागून आला. पूर्ण बाह्यांचा सदरा, बटणं गळ्यापर्यंत. काका माइकपर्यंत चालत आले. त्यांनी नाव सांगितलं, कारखान्यात किती वर्षं होते ते सांगितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

त्यांच्या बाजूची एक बाई उभी राहिली. "ओ दिन मन में हमर ओनहा-कपड़ा सब करिया होगे रिहिस, साहब. सुखाय बर बाहिर डारन, अउ करिया." त्या दिवसांत बाहेर वाळत घातलेले कपडे काळे होत होते, असं ती सांगत होती.

मॅनेजर म्हणाले, "सर, ग्राफ सामने है. लगातार डेटा है. कहीं कोई गैप नहीं."

अधिकाऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते काही अन्यायी दिसत नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, "मैडम, आप सॉफ्टवेअर कंपनी से हैं ना? आप बताइए. ये लाइन पूरी नापी हुई है?"

किती सोपं होतं. एक शब्द, दोन अक्षरी. नागपूरच्या छापखान्यात मी असे हजार शब्द घडी करून गठ्ठे बांधले होते. माझ्या हाताशी लॅपटॉप होता, तिसरं पान होतं, चौकोन होता. खूण काढली असती तर पन्नास फुटांच्या मंडपासमोर ती रेष तुटली असती. मॅनेजर माझ्याकडे पाहत होते. मला माझ्या खोलीचं भाडं आठवलं नाही, घर आठवलं नाही, काही आठवलं नाही. भीतीला कारणही लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"सर," मी म्हटलं, "सॉफ्टवेअर में ये एक स्टैंडर्ड ऑप्शन है."

"मतलब?"

"मतलब... ऐसा दिखाया जा सकता है."

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांना ते उत्तर वाटलं. बाजूच्या कारकुनानं ते लिहूनही घेतलं. गावकऱ्यांत कुजबुज झाली, कुणीतरी म्हणालं, "मैडम का कहिस?" कुणालाच कळलं नव्हतं. मी तसंच बोलले होते, कळू नये असं.

काकांना कळलं होतं. मला वाटलं आता ते ओरडतील. मी वाट पाहत होते त्याची, खरं सांगायचं तर. ते माइककडे वाकले.

"बच्ची को मत पूछिए साहब," ते म्हणाले. "उसको ये काम मैंने सिखाया है. ग़लती मेरे से शुरू हुई है. इसी गाँव के स्कूल में मेरा बनाया ग्राफ लगा था, वो भी झूठा था. लिख लीजिए."

कारकुनानं पेन थांबवलं. "ये विषय से बाहर है," मॅनेजर म्हणाले. अधिकारी म्हणाले, ज्यांना आणखी काही सांगायचं आहे त्यांनी लेखी द्यावं. काका शांतपणे माइकपासून बाजूला झाले आणि लेखी हरकतींच्या टेबलासमोरच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्या बाईच्या मागे. मी पुढचं पान सरकवलं. पुढचं पान झाडांचं होतं.

परतताना गाडीत मॅनेजर मला म्हणाले, "अच्छा संभाला आपने."

त्यानंतर एका रविवारी मी बूढ़ापाऱ्यात गेले. मनात भाषण तयार होतं, माफीचं. काकूंनी दार उघडलं, चहा दिला, चिवडा दिला, नागपूरची चौकशी केली. "ते बाहेर गेले आहेत," म्हणाल्या. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता आणि पंखा चालू होता. दाराशी काकांच्या चपला होत्या. मी चहा पिऊन उठले. काकूंनी दारापर्यंत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "येत जा वं." दोघींनाही माहीत होतं की मी येणार नाही.

मी अजून त्याच कंपनीत आहे. हे वाचून तुम्ही मला काय म्हणाल ते मला माहीत आहे. बाबांच्या छापखान्यातल्या कुठल्याही पत्रकात माझ्यासारखीला तेच म्हटलं असतं, उद्गारचिन्हासकट. जोडायचा तो पर्याय आता तिसऱ्या पानावर नाही, पहिल्यावर आहे. सगळ्यात जास्त वापरला जाणारा पर्याय आहे तो. मूळची सेटिंगही आता जोडलेलीच असते.

दुसऱ्या भट्टीला मंजुरी मिळाली. जनसुनवाईचे सगळे कागद नियमाप्रमाणे संकेतस्थळावर टाकले गेले. कामाच्या वेळात, टेबलाशी बसून मी ते उघडले. हरकतींची पानं शेवटी होती. बहुतेकांवर दोनचार ओळी, अंगठे, सह्या. एका पानावर एकही ओळ नव्हती. चौकटीच्या वहीचा कागद, त्यावर शिसपेन्सिलीनं काढलेला आलेख. दर दिवसाचा ठिपका वेगळा, पट्टी न लावता हातानं जोडलेला. कुठून मिळवले असतील त्यांनी ते आकडे, आठवणीतून? खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. अक्षर खरंच सुंदर होतं.

रेष पोळ्यापर्यंत येऊन थांबली होती आणि अठरा घरं सोडून पुन्हा सुरू झाली होती. पानभर आकडे आणि ठिपके, शिक्का मारायला दुसरी जागाच नव्हती. टेबलावरच्या कारकुनानं ती कोरी जागा पाहून तिथंच, अगदी मधोमध, जांभळा गोल शिक्का उमटवला होता : "प्राप्त".